उजव्या बाहीतला माणूस

पिरपिरेकाका हा आमचा बाहुला. स्पंजाचं डोकं, वांग्याएवढं नाक, आणि हात मात्र खरे, माणसाचे. असा बाहुला एकट्याने चालवता येत नाही. माझा उजवा हात त्याच्या डोक्यात, तोंड हलवायचं मी, आवाज माझा, आणि माझा डावा हात तोच काकांचा डावा. उजव्या बाहीत माझा साडू. म्हणजे टेबलामागे मी वाकलेला, माझ्या पाठीला छाती चिकटवून तो वाकलेला, आणि त्याचा उजवा हात काकांच्या कोटातून बाहेर. एका कोटात दोन साडू. आमच्या बायका म्हणायच्या, एवढे जवळ तुम्ही आमच्याही कधी आला नाहीत.

आम्ही वाढदिवसाचे खेळ करायचो, शाळेतले करायचो. पोरांपेक्षा मोठी माणसंच जास्त हसायची, कारण काकांचा धंदाच तक्रार. चहा गरम का, म्हणून तक्रार. गार का झाला, म्हणून तक्रार. न्हाव्याला म्हणणार, "कापायला हरकत नव्हती हो, पण माझेच का कापलेत?"

टीव्हीची कल्पना साडूची. दर भागात काका कुठेतरी जाणार, बँकेत, दवाखान्यात, आणि पिरपिर करणार. मला पटली. नुसती पटली नाही, डोक्यात घर करून बसली. केकच्या टेबलामागे गुडघे टेकून उभा जन्म गेला होता माझा. एकदा तरी काका घराघरांत दिसावा, आणि तो आम्ही दोघांनी दाखवावा, एवढीच हौस. ऑफिसात बोलायचं काम त्याचं. खुर्चीतल्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. काका हातात चढला की मग ऐका.

पहिल्या वाहिनीवाल्यांनी काकांचं नाक दाबून बघितलं. "लहान मुलांचं आहे ना हे?"

साडू म्हणाला, "मुलांचं नाही साहेब, मुलांच्या आजोबांचं."

"आजोबा काही विकत घेत नाहीत हो," म्हणाले, आणि आम्ही लिफ्टमध्ये.

दुसऱ्या ठिकाणी एकाने विचारलं, "याचे हात का दिसतात?"

मी म्हटलं, "हात नको तर काय शेपूट दाखवू?" साडूने बरगडीत कोपर मारलं. पुन्हा लिफ्ट.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "दादा, तुम्ही नकाच येऊ. तुम्ही भडकता. मी नुसती कल्पना सांगून येतो."

मी म्हटलं, जा बाबा. संध्याकाळी तोंड पाडून आला. "नाही म्हणाले." मीच त्याची समजूत घातली, चहा पाजला. मग बरेच दिवस तो दिसलाच नाही. कधी मुलीची परीक्षा, कधी बायकोची कंबर. तालीम म्हटलं की कंबर दुखायची, आणि तीही बायकोची. शेवटी फोन आला, "दादा, चौथ्या वाहिनीने बोलावलंय. तुम्ही पाहिजेच."

तुम्ही पाहिजेच, या शब्दावर मी नवा सदरा घातला.

खोली काचेची. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, गारठा असा की काकांचं स्पंज कडक झालं. मधे मॅडम, चष्मा डोक्यावर चढवलेला. दोन बाजूंना दोन पोरंटोरं, लॅपटॉपात तोंड घातलेली. साडूने दोन-चार गोड वाक्यं टाकली, आणि आम्ही टेबलाच्या टोकाला खाली बसून काकांना उभं केलं.

खेळ चष्म्याच्या दुकानातला. काका तक्रार घेऊन आलेत, की या चष्म्यातून बायको स्पष्ट दिसते. शेकडो वेळा केलेला. आमचा एकच नियम, आधी नजर, मग हात. माणूस चष्म्याकडे बघतो आणि मग चष्मा काढतो. हात आधी गेला की बाहुला मेलाच.

आणि त्या दिवशी हात आधी गेला.

मी डोकं वळवायच्या आत चष्मा उतरला. उतरला तो उतरला, हवेत थांबला. कशाची तरी वाट बघत होता. मी पुढचं वाक्य टाकलं तर हात दचकला, जागेवर आला. मला वाटलं, बऱ्याच दिवसांत तालीम नाही, होतं असं. पण थोड्या वेळाने त्याने टेबलावर बोटं वाजवली. करंगळीपासून सुरू करून, एकेक, टकटकटकटक, आणि शेवटी अंगठ्याने एक थाप. सुंदर होतं हो! लॅपटॉपातलं एक पोरगं वर बघायला लागलं. पण आम्ही असं कधी बसवलंच नव्हतं. असलं बोटांचं काम एका दिवसात होत नाही. त्याला समोर बाहुल्याचं डोकं धरणारा लागतो, रोज, तासन्‌तास.

थाप मारून हात पुन्हा थांबला, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. तो हात दुसऱ्याच कोणाच्या वाक्यासाठी थांबत होता.

पाठीला त्याची छाती लागत होती. धडधडत होती. मला कळलं हे त्यालाही कळलं.

मी खेळ सोडून दिला. मी म्हणजे काकांनी. काका सावकाश उजवीकडे वळले आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"काय हो," काका म्हणाले, "हल्ली कुठे असता?"

हात गप्प.

"नाही, कोट माझा, बाही माझी, म्हणून विचारलं. दुसरीकडे जाता म्हणे."

मॅडम खुदकन हसल्या.

"नवीन डोकं मिळालंय का? तरुण आहे? केस आहेत त्याला? माझ्यासारखा खोकत नसेल ना मधेमधे?"

आता दोन्ही लॅपटॉप मिटले होते. हात टेबलावर पालथा पडला. काकांनी खाली वाकून त्याचा वास घेतला. "साबणसुद्धा वेगळा लागतोय!"

खोलीत हशा फुटला. एक पोरगं खुर्चीवरून घसरलं. मॅडम डोळे पुसत होत्या. आणि त्या हसण्यात साडूचा हात उठला. काकांच्या छातीसमोर उभा राहिला, तळवा सरळ, बोटं जुळलेली. हात जोडत होता माझा साडू. पण जोडायला दुसरा हात लागतो, आणि दुसरा होता माझ्याकडे. तो अर्धा हात तसाच हवेत राहिला. कानाशी हळूच आवाज आला, "दादा, द्या ना."

मी डावा हात काकांच्या खिशात घातला.

टाळ्या पडल्या. मॅडम उभ्याच राहिल्या. "हेच! हेच पाहिजे मला. स्वतःचाच हात फितूर. बँक नको, दवाखाना नको, हे दोघंच दाखवा. घेतली मालिका. उद्या सकाळी दोघं या, सह्या करू. पण दोघं हं, ही जोडी तुटता कामा नये." मग साडूकडे वळून, "काय तालीम आहे हो तुमची!"

साडू म्हणाला, "थँक्यू मॅडम." त्याला रडू येत होतं. त्यांना वाटलं आनंदाचं.

बाहेर गाड्या लावायच्या जागी मी त्याला धरला. "कोण आहे?"

"दादा, ऐका तर..."

"कोण आहे?"

"नाटकात काम करणारा एक मुलगा आहे. चांगला आहे बिचारा."

"वा! तो बिचारा."

"तिसऱ्या वाहिनीवाल्यांना कल्पना आवडली होती. पण आवाज तरुण पाहिजे म्हणाले. म्हणाले, वयस्कर गृहस्थ लिहिलेलं सोडून बोलतात, भडकतात."

"त्यांना कसं कळलं मी भडकतो? मी तर घरी होतो."

तो खाली बघायला लागला.

"दादा, शेवटी झालंच नाही ना ते? त्यांचा साहेब बदलला, सगळं बारगळलं. जे झालंच नाही ते काय सांगायचं?"

"आणि झालं असतं तर? मी जेवताना टीव्ही लावला असता आणि काका दुसऱ्याच आवाजात बोलायला लागले असते. असंच ना?"

"तुम्हाला घेणारच होतो पुढे. शेजाऱ्याचं काम होतं एक."

शेजाऱ्याचं! मारावंसं वाटलं. पण ज्या माणसाला इतकी वर्षं पाठीवर घेऊन उभा राहिलो त्याला मारायचं कसं, तेच सुचेना. काकांची पेटी उचलली आणि चालायला लागलो.

घरी आलो तर बायको मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे शिवते ती, काकांचे पण तीच.

"काय झालं हो?"

"घेतली मालिका."

"अगंबाई!" ती हसली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "मग बोललात का धाकटीच्या यजमानांशी?"

"कशाबद्दल?"

मशीन थांबली.

मी काहीच सांगितलं नव्हतं तिला. पेटीसुद्धा अजून हातात होती.

"तुला माहीत होतं?"

"धाकटी रडत आली होती कापड घेऊन. तसाच कोट शीव म्हणाली, उजवी बाही मोठी ठेव. मी काय विचारणार? बाही बघूनच कळलं."

"आणि शिवलास."

"बहीण आहे माझी. म्हटलं, हे काही जमायचं नाही, मग तुम्हाला उगीच कशाला दुखवा?"

"जमलं असतं तर?"

"सांगितलं असतं."

"कधी?"

तिने मशीनचं चाक झटक्यात फिरवलं, दोरा तटकन तुटला.

मी पेटी ठेवली, हातपाय धुतले, येऊन बसलो. उद्या गेलो नाही तर काका पुन्हा केकच्या टेबलामागे. गेलो तर तीच छाती पाठीला. दुसऱ्या कोणाला बाहीत घालून चालणार नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या हातासारखा हात मला जन्मात मिळायचा नाही. हीच तर बोंब होती.

"धाकटीला कळव," मी म्हणालो, "सकाळी येतो म्हणावं. सही करीन, काम करीन. पण यापुढे एका पंगतीला बसणार नाही. त्याला जेवायला बोलवू नकोस."

"बरं," ती म्हणाली. मग हळूच, "आणि मला?"

सुईतला दोरा तुटला होता, ती तोच ओवत होती. दोरा ओला करी, डोळे बारीक करी, जाईना. मी उठलो, ओवून दिला, आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो.