सतरावी गाठ

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल, हिवाळ्याचा दुसरा महिना. त्या थंडीत मला पीळ बसला, तो अजून सुटलेला नाही. मी दोर आहे. सुती, तीन पदरी, तीस हात लांब. आज माझ्या अंगावर सतरा गाठी आहेत, आणि सकाळचे नऊ वाजत आले की मला दम धरवत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून लोक हट्टी माणसाला हिणवतात. मला ती स्तुती वाटते.

माझी उमेदीची वर्षं धान्याच्या वखारीत गेली. पोत्यांच्या थप्प्या बांधल्या, गाड्यांवरचा माल आवळला. तिथे एक चोवीस वर्षांचा हमाल होता. त्याच्या तळव्यांनी मला मऊ केलं, माझ्या पिळाने त्याचे तळवे कडक केले. पुढे तो मुकादम झाला आणि सगळा गाव त्याला मुकादमच म्हणू लागला. रोज सकाळी दारात उभा राहून तो हजेरी घ्यायचा. उशिरा येणाऱ्याची धडगत नसे. तीस वर्षांत त्याचा स्वतःचा एक खाडा नाही.

मग नायलॉनचे पट्टे आले, यंत्रं आली. जुने दोर अंगणात ढीग करून पेटवले. मी ढिगाच्या तळाशी होतो, शेपटीचं टोक तेवढं बाहेर. धूर डोक्यावर आला तेव्हा कोणीतरी ते टोक धरलं आणि मला खसकन बाहेर ओढलं.

"हा माझा," मुकादम म्हणाला. मला खांद्यावर टाकून तो घरी गेला. ते ऋण माझ्या तिन्ही पदरांत मुरलं.

मी दारामागच्या खुंटीवर अकरा वर्षं लटकलो. वखार सुटली आणि मुकादमाला खुर्ची लागली. क्विंटलभराचं पोतं घेऊन फळी चढणारे पाय आता खुर्चीपासून ताटापर्यंत जायचे. वखार गेली, पण वखारीतली भूक गेली नाही. ताटात तळलेलं हवं, वर मिठाची चिमूट हवी. एका दुपारी त्याने छाती धरली. आठ दिवस दवाखान्यात राहून आला.

"रोज अर्धा तास चालायचं, बाबा," सून म्हणाली. "मीठ कमी, तळण बंद. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"जन्मभर पोती वाहिली. आता हात हलवत रस्त्याने फिरू? लोक म्हणतील, मुकादमाला काम उरलं नाही."

"मग काय खोटं म्हणतील?"

मुकादमाने खुर्ची भिंतीकडे वळवली. आठ महिने तो तसाच बसला. चार पायऱ्या चढून आला तरी त्याला धाप लागे. हे असंच चाललं तर एक दिवस खुर्ची रिकामी होणार, हे मला खुंटीवरून दिसत होतं. पण खुंटीवरचा दोर काय करणार?

त्याला एक नात आहे. चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला मुंगी म्हणतात. एक दिवस ती बालवाडीतून मूठ उगारूनच घरात शिरली.

"आजोबा, हे बघा. माझं हृदय एवढं आहे. सिस्टर म्हणाल्या, ते कधीच सुट्टी घेत नाही."

"माझ्यासारखं."

"तुम्ही तर रोजच सुट्टीवर असता."

सून तोंड फिरवून हसली.

दवाखान्यातल्या सिस्टर बालवाडीत येऊ लागल्या होत्या. रोज इतकं चालायचं, खेळायचं, की छातीवर हात ठेवला तर आत ढबढब ऐकू आलं पाहिजे. डब्यात फळ आणि भाजी. खारट पुड्या नाहीत. झोप वेळेवर. हृदयाला लहानपणीच चांगली सवय लागली तर ते म्हातारपणी साथ देतं, असं त्या सांगायच्या. वर्ग भरण्याआधी सगळ्या मुलांना चालवून आणायचं ठरलं. कोणी भरकटू नये म्हणून मुलांना धरायला बालवाडीच्या ताईंना एक लांब दोर हवा होता.

मुंगीने खुंटीकडे बोट दाखवलं. मुकादमाने अकरा वर्षांनी मला नीट पाहिलं.

त्याने मला गरम पाण्यात धुतलं आणि ओला असतानाच गाठी मारल्या. सोळा मुलं, सोळा गाठी. मग हाताने जुन्या सवयीने आपलं काम केलं. शेपटीला आणखी एक गाठ मारली. हमाल ती मारतातच; ओझं ओढताना हात निसटला तर त्या गाठीवर अडतो. मुकादमाच्या ते ध्यानातही आलं नाही.

पहिल्या दिवशी सोळा चिमुकल्या मुठी माझ्यावर पडल्या. चिकट, उबदार, सारख्या हलणाऱ्या. अकरा वर्षांनी मी ताणला गेलो. काय सांगू! वखारीतला सगळ्यात मोठा ट्रक बांधतानाही अंगात असं वारं भरलं नव्हतं.

पण शेपटीची गाठ रिकामी. ताईंनी सोडवायला घेतली, नखं दुखावली, गाठ हलेना. ओल्यात मारलेली हमालाची गाठ ती.

"ही कोणाची?" एका टोपीवाल्या मुलाने विचारलं.

"माझ्या आजोबांची," मुंगी म्हणाली. "त्यांनीच मारलीय. पण ते आले नाहीत."

ताई हसल्या आणि हजेरीत शेवटचं नाव पुकारलं, "मुकादम आजोबा?"

सोळा गळे ओरडले, "गैरहजर!"

त्या बालवाडीची एक रीत होती. मूल तीन दिवस आलं नाही की सगळ्यांनी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची. चौथ्या दिवशी मी सोळा मुलांसकट मुकादमाच्या दारात उभा होतो.

"तुमचे तीन खाडे झाले," टोपीवाला म्हणाला. खाडा हा शब्द त्याला मुंगीने शिकवला होता, आणि मुंगीला आजोबांनीच.

मुकादमाचा चेहरा लाल झाला. "मी तुमच्या वर्गात नाही."

"मग गाठ कशाला मारली?"

मुकादम पुढे आला, माझी शेपटी हातात घेऊन बघत राहिला. आपली चूक त्याला कळली. "ही अशीच असते. हात निसटू नये म्हणून."

"कोणाचा हात?" मुंगीने विचारलं.

तिने मुकादमाचा तळवा धरून आपल्या छातीवर ठेवला. चालून आलेली पोर. आत ढबढब चाललं होतं. तो कडक तळवा बराच वेळ तिथेच राहिला.

"सूनबाई, माझ्या चपला कुठे आहेत?"

"डॉक्टर आठ महिने सांगत होते, बाबा."

"डॉक्टरांनी हजेरी कुठे घेतली?"

पहिल्या दिवशी तो दिव्याच्या खांबापर्यंत आला आणि म्हणाला, "थांबा." सोळाच्या सोळा जण थांबले, छातीवर हात ठेवून उभे राहिले. त्यानेही ठेवला. दुसऱ्या आठवड्यात त्याने बागेचं फाटक गाठलं. मग तो ताईंनाही शिस्त लावू लागला. "दोराला लोंबकळायचं नाही. पुढच्याने घाई करायची नाही." मधल्या सुट्टीत डबे बघायचा. ज्याच्या डब्यात खारट पुडी, त्याच्याकडे नुसतं बघायचा. पुडी दुसऱ्या दिवशी दिसत नसे. घरी त्याचं स्वतःचं ताटही बदललं, कारण ते मुंगी बघायची.

आता मी म्हातारा आहे. दोन ठिकाणी पदर विरले आहेत. एकच सांगणं आहे. दोर असो की माणूस, चालतंय तोवर खुंटीला टांगू नका.

वर्ष संपताना चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं ठरलं. मुकादमाने आधी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण दमादमाने. सगळे चार ठिकाणी थांबले. शेवटच्या वळणावर मुकादमाचा पाय खडीवरून सरकला आणि हात माझ्यावरून घसरला. घसरत घसरत सतराव्या गाठीवर येऊन अडला. पुढे सोळा मुठी घट्ट होत्या. तो सावरला, उभा राहिला आणि वर आला.

ताईंनी हजेरी घेतली. शेवटचं नाव पुकारलं.

"हजर," मुकादम म्हणाला.

जाळातून त्याने मला याच टोकाला धरून ओढलं होतं. ऋण फिटलं.