झाकणावरचा प्रबंध

मित्रांनो, मी एक जुने पीसीआर यंत्र आहे. डीएनएचा एक थेंब पोटात घ्यायचा, तो तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढून द्यायच्या, हे माझे काम. या प्रयोगशाळेत लागलेला प्रत्येक शोध माझ्या पोटातून गेला आहे. शोध दोनच लागले आणि त्यातला एक मागे घ्यावा लागला, ही गोष्ट वेगळी.

मी खोक्यातून बाहेर आले त्या दिवशी सरांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला होता. पहिल्या विद्यार्थ्याने माझ्याच जिवावर पीएचडी मिळवली. पुढे माझ्या झाकणाची खिट्टी सैल झाली. आत वाफ धरेना, नमुने सुकू लागले. तेव्हा त्याच विद्यार्थ्याचा जाडजूड प्रबंध झाकणावर ठेवायची पद्धत पडली. त्या प्रबंधाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणाला झालेला नाही.

माझे सगळे करायची ती ताई. ती इथली साहाय्यक. पीएचडीची जागा निघण्याची वाट पाहत ती कैक वर्षे माझे पोट पुसत होती.

मग शेजारच्या काचेच्या खोलीत सबंध जीनोम वाचणारे नवे यंत्र आले. त्याला स्वतंत्र एसी. मला पंखा, तोही ताईकडे वळवलेला. पाहुणे यायचे आणि माझ्यावर कोपर टेकून त्याच्याकडे पाहत राहायचे. खोटे कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट होत होता.

त्या यंत्रावर काम करण्यासाठी पीएचडीची एक जागा निघाली. ताईने अर्ज केला. बाहेरून एक चष्मेवाली आली. दोघींनी नमुने तयार करून दाखवायचे ठरले. वाचायचे काम नव्याचे असले, तरी त्याआधी प्रती काढायला माझ्याच दारात यावे लागते. हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

ताईचे सकाळीच आटोपले. दुपारी चष्मेवालीने नमुने आत ठेवले, झाकण लावले आणि प्रबंध न ठेवताच ती काचेला नाक लावून नव्याकडे पाहू लागली. म्हटले, बरे झाले. सुकू देत.

ताईने ते पाहिले. ती पुसलेलेच टेबल पुन्हा पुसत राहिली. दारापर्यंत गेली, परत आली.

"अगं, झाकणावर प्रबंध नाही ठेवलास?"

"कसला प्रबंध?"

"तो बघ, जाडा. त्याच्याशिवाय वाफ राहत नाही आत."

"आधी वाचावा लागेल का?"

"इथं कुणी वाचलेला नाही. ठेव तू."

त्या क्षणी मला ताईचा जो राग आला, तो नव्या यंत्राचाही कधी आला नव्हता.

दोघींचे नमुने सारखेच उत्तम उतरले. जागा चष्मेवालीला मिळाली, कारण तसले नवे यंत्र तिने आधी चालवले होते.

"मनाला लावून घेऊ नकोस," सर ताईला म्हणाले. "तू गेलीस तर या जुन्याला कोण सांभाळणार?"

"हो ना सर. आमची जोडीच आहे," ताई म्हणाली आणि तिने माझे झाकण असे आपटले, की उरलीसुरली खिट्टीही गेली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या. त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचीही घ्या. त्यांचे दुखले की आमचे मोडते.

नव्या यंत्रावर अजून एकही नमुना चढलेला नाही. बाहेरून वाचून घेणे स्वस्त पडते, म्हणून चष्मेवाली आपले नमुने कुरियरने पाठवते.