दोन्ही बाजूंनी सोलापूर

ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात भारताच्या दालनातली एक भिंत सोलापुरी चादरीने झाकायची ठरली आणि ती विणायचं काम सोलापुरातल्याच एका छोट्या कॉलेजच्या वस्त्रविद्या वर्गाकडे आलं. सत्तर सालचा जानेवारी. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती, तरी मुलं मागावरून हलत नव्हती. इतर वर्गांतली पोरं डबे आणून द्यायची आणि दारातूनच डोकावून जायची.

नक्षी वर्गातल्या हेमावतीची. नमुन्याच्या काठात तिने, सोलापुरात घालतात तसं, गावाचं नाव घातलं होतं. तिथेच गाडं अडलं.

“गावाचं नाव नको. इंडिया घाला,” मुंबईहून आलेले अधिकारी म्हणाले. “तिथे देश दिसला पाहिजे.”

“आम्ही देशाबाहेर आहोत का, साहेब?” हेमावतीने विचारलं.

प्राचार्य मोहोळकर नुसतेच खोकले.

अधिकाऱ्यांनी नमुना उलटला. मागून अक्षरं आरशातल्यासारखी दिसत होती. ते खूश झाले. “इंडिया नाहीच जमलं, तर मोठी चादर अशी उलटी टांगू. नक्षी वाटेल. जपानात कोण वाचतंय?”

ते गेल्यावर हेमावतीची मैत्रीण विजयमाला म्हणाली, “मुकाट्यानं इंडिया विण की. नाहीतर भिंत दुसऱ्याला देतील.”

“देऊ देत. आमचे अप्पा मिलमधनं येतात तेव्हा केसांत कापूस असतो. त्यांचं नाव कुटं घालतेय मी? गावाचं तरी घालू दे.”

मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं हेमावतीने वरच्या काठापुरती नव्याने पाडली. प्रत्येक कार्डावर डावीकडची भोकं उजवीकडे.

चादर न्यायला अधिकारी आले तेव्हा अख्खं कॉलेज हॉलमध्ये जमलं होतं. खालच्या काठात ‘सोलापूर’ वाचून त्यांनी चादर उलटवायला सांगितली. खालचं नाव उलटं झालं. वरच्या काठात इतका वेळ जी नुसती नक्षी वाटत होती, ती सुलट झाली: सोलापूर.

त्यांनी पुन्हा उलटवली. पोरं हसू लागली.

“हिची सरळ बाजू कुठली?”

“दोन्ही,” हेमावती म्हणाली.

“मी इंडिया सांगितलं होतं!”

“चादरीला दोनच बाजू असतात, साहेब. तिसरी दाखवा, तिच्यावर विणते.”

“मग ही जाणार नाही.”

“नका नेऊ.” हेमावतीने एक टोक उचललं, विजयमालेने दुसरं. दोघी घडी घालू लागल्या.

अधिकाऱ्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

“दुसरी नाही आमच्याकडे,” मोहोळकर म्हणाले. “असती तरी दिली नसती.”

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. ओसाकातली भिंत रिकामी ठेवणं अधिकाऱ्यांना परवडणारं नव्हतं.

“बांधा,” ते म्हणाले.

“कुठली बाजू वर ठेवू, साहेब?” विजयमालेने विचारलं.