सातवं ठिगळ

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. मित्रांनो, मला शिवून अवघी चार वर्षं झाली, पण माझं कापड माझ्याहून जुनं आहे. त्यातलं एक ठिगळ तर अशा जिवाचं आहे, जो आता या घरात नाही. निदान सगळे तसं म्हणतात.

मार्कंड्याच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, वैनगंगेकाठच्या एका गावात कमळा नावाची सून आहे. तिची पहिली मुलगी चंदा नवव्या दिवशी, भर दुपारी, झोपेतच गेली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पूर्वकर्म. पुढच्या वर्षी कमळेला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तिची सासू रुखमाबाई हिने जुना रिवाज काढला. ज्यांची लेकरं जगली अशा सात घरच्या चिंध्या मागून आणायच्या आणि बाळाच्या सामानाला पिशवी शिवायची.

कमळा पदर पसरून निघाली. पिंजाऱ्याच्या अमिनाबीने आपल्या मुलाचा कुडताच फाडून दिला. "घे बाई," ती म्हणाली, "माझा अयूब दिसभर बोंबलते. तुझंही असंच बोंबललं, तर मंग मले बोलू नको." कमळा कितीतरी दिवसांनी हसली.

सहा घरं झाली. सातव्या घरच्या भागीरथाबाईने मात्र दार लावून घेतलं. ज्या पदरातलं लेकरू गेलं, त्या पदरात ती आपल्या लेकराची चिंधी कशी टाकणार? कमळा बंद दारापुढून घरी परतली. मग तिने धानाच्या कोठीमागे हात घालून तळहाताएवढा एक तुकडा काढला. तो चंदाच्या अंगड्याचा होता. गेलेल्या लेकराचे कपडे त्याच्यासोबत मातीत द्यायचे असतात. तिने एवढा तुकडा चोरून ठेवला होता.

तिने ठिगळं जोडून दोन चौकोन केले, उलट बाजूने तीन कडांना धावदोरा घातला आणि मला उलटवलं. तोंडाशी नेफा दुमडून नाडी ओवली. चंदाचं ठिगळ माझ्या बुडाला आलं. माझ्या पोटात टोपडं, काजळाची डबी, वेखंडाचं कांडं आणि जंगू बुरडाने दिलेला बांबूचा खुळखुळा गेला.

मित्रांनो, तेव्हापासून काहीतरी वेगळं घडू लागलं. उन्हात वाळत घातलं की माझी सहा ठिगळं तापत. सातवं गारच राही. दुपारी सगळं गाव पेंगलं, की माझ्या नाडीची गाठ आपोआप सैल होई.

रुखमाबाईने एकदा हात लावून पाहिला. "हे बुडाचं कोनाच्या घरचं व?"

"आपल्याच घरचं हाये, आत्याबाई," कमळा मान खाली घालून म्हणाली.

पौषात मुलगा झाला. बाळाला वारा लागू नये म्हणून रुखमाबाईने खोलीच्या फटीफटीत चिंध्या ठासल्या, बाजेखाली विस्तवाची शेगडी सरकवली आणि दार घट्ट लावलं. मी खुंटीवर होते. नववा दिवस उजाडला. दुपारी देवळात गुणवंतबुवांचं कीर्तन होतं, आणि रुखमाबाईने आजवर एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. मायलेकरं निजलेली पाहून ती गेली.

खोलीत हवा जड झाली. कमळेचा हात बाजेवरून खाली लोंबू लागला. बाळाचा श्वास ऐकू येईना. मी हलले नाही, शपथेवर सांगते. पण माझ्या पोटात कोणीतरी इवल्या मुठीने खुळखुळा धरला आणि वाजवायला सुरुवात केली.

पुढचं मला रुखमाबाईच्याच तोंडून कळलं. बुवांनी अभंग संपवला, टाळ थांबले, आणि त्या शांततेत तिला खुळखुळा ऐकू आला. देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. शेजारणीला काही ऐकू आलं नव्हतं. रुखमाबाई भर कीर्तनातून उठली आणि अनवाणी धावत सुटली.

तिने दार ढकललं, मायलेकरांसकट बाज ओढत अंगणात आणली. बाळाचे ओठ निळे पडले होते. वारा लागला आणि ते रडलं. अयूबसारखंच बोंबललं. त्याबरोबर खुळखुळा थांबला.

रुखमाबाईने मला खाली काढलं, उलटं केलं. बुडाच्या ठिगळाच्या काठाला लाल दोऱ्याचा टाका होता. तो तिनेच चंदासाठी घातलेला. तिला तीही दुपार आठवली. तेव्हाही तीच शेगडी होती, आणि चंदाचे ओठही असेच निळे होते.

"चंदालेही मीच कोंडलं व कमळे," ती म्हणाली. "ह्याच हातानं चिंध्या ठासल्या होत्या."

कमळा शुद्धीवर आली होती, पण तिला नीट बसताही येत नव्हतं. तिने बाळ उचलून सासूच्या मांडीवर दिलं. "आता दार उघडं ठेवा, आत्याबाई."

सात घरच्या चिंध्यांवर वाढला म्हणून मुलाचं नाव लटारू, म्हणजे चिंध्यांचा, असं ठेवलं. तो आता अंगणात धावतो, आणि माझी फारशी कोणाला आठवण होत नाही. फक्त गावात कोणी बाळंतीण झाली, की रुखमाबाई मला काखेत मारून तिथे जाते. आधी शेगडी बाहेर काढते, खिडकी उघडते, मग बाळ बघते. कीर्तनात बुवा सांगतात, की जीव अंगडं टाकून देवाकडे निघून जातो. जातच असेल. पण एखादा इवला जीव भावंडासाठी थोडा मागे रेंगाळत असावा, आणि देवही त्याला रागावत नसावा.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. बाळाची खोली कोंडू नका. आणि कधी भर दुपारी बंद खोलीतून खुळखुळा वाजला, तर कोण वाजवतंय म्हणून घाबरून उभे राहू नका. आधी दार उघडा.