सतरा नंबरचा फॉर्म

मुख्याध्यापक सुदर्शन आगाशे यांनी कागद टेबलावरून मच्छिंद्र बराट्यांकडे सरकवला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीकडे, ऋतुजाकडे, सरांनी पाहिलंही नाही.

"सतरा नंबरचा फॉर्म. दहावी शाळेतून नाही, बाहेरून द्यायची, एवढंच. मुलीवर दडपण नको म्हणून सांगतोय."

ऋतुजाला डिस्लेक्सिया होता. कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर जागेवर थांबतच नसत. इतिहासाचा धडा मात्र एकदा कानावरून गेला, की ती तो जसाच्या तसा सांगायची. तिच्याकडे सरकारी प्रमाणपत्र होतं आणि बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक, सगळं मिळणार होतं. वारज्याच्या या शाळेत ती बालवाडीपासून होती.

"सवलत शाळेतून बसलं तरी मिळते ना, सर?" तिने विचारलं.

"तुला मिळते. शाळेच्या निकालाला कोण सवलत देतो? सात वर्षं शंभर टक्के आहे. घसरला की वरून नोटीस मला येते, तुला नाही."

मच्छिंद्रनी खिशातून पेन काढलं. टेम्पो स्टँडवर दहा जणांना गप्प बसवणारा हा माणूस शाळेच्या ऑफिसात आवाज खाली करायचा. "सर म्हणतायत तर भरू की गं. दहावी ती दहावीच हाय."

"नाही भरायचा, बाबा." ऋतुजा हटली नाही. "सर, मग तुम्ही लिहून द्या. हिला अपंगत्व आहे म्हणून शाळेतून बसवत नाही. खाली सही करा."

सर हसले. "लिहिण्याच्या गोष्टी तू करू नयेस, बाळ."

तिचे कान तापले. तिने बाबांच्या हातातलं पेन घेतलं, टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली. स्वतःच्या नावातला ऋ तीनदा खोडावा लागला. चार ओळींना दहा मिनिटं लागली. 'मि शाळेतुनच परिक्षा देनार.'

सरांनी लाल पेनाने गोल करत कागद वाचला. "नऊ चुका. हे पाठवू बोर्डाला?"

"पाठवा. काय म्हणायचंय ते कळलं ना तुम्हाला? मग पोच द्या. शिक्का आणि तारीख घालून."

मग मच्छिंद्रनी तो फॉर्म उचलला, दोनदा घडी घातली आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. "पोच द्या, सर. नायतर आम्ही हितंच बसतो दोघं."

शाळा सुटायच्या आत शिक्का बसला.

मार्चमध्ये ऋतुजाने शाळेतूनच परीक्षा दिली. बाकी सगळ्यात ती सुटली, इंग्रजीत मात्र गेली. निकालाच्या दिवशी ती घरी उशीत तोंड खुपसून रडली आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालून शाळेत गेली.

"शाळेचा निकाल नव्व्याण्णव पूर्णांक एक," आगाशे सर म्हणाले. "झालं समाधान?"

"नाही, सर. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचाय. शाळेतूनच."

फेरपरीक्षेत इंग्रजीत बेचाळीस पडले. मच्छिंद्रनी पेढे आणले आणि शाळेच्या दाराशी येऊन घुटमळले. "सरांना देऊ का नको?"

"द्या," ऋतुजा म्हणाली. "नको म्हणाले तर टेबलावर ठेवून या."