प्रस्तावनेची दोन पाने

"ही पहिली दोन पानं तुम्हीच लिहिलीत?" प्राध्यापक टेरहोर्स्ट यांनी विचारले. पुस्तक त्यांच्यासमोर उघडे होते, आणि तेही नेमके त्याच दोन पानांवर. पुढच्या पानांच्या कडा अजून कोऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

"मीच," लोथार झाउपे म्हणाले.

देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणारी भिंत पडल्यानंतरचा दुसरा हिवाळा होता. पूर्वेकडच्या विद्यापीठांत कोण ठेवण्याजोगे आहे आणि कोण नाही, हे ठरवायला पश्चिमेकडून समित्या येत होत्या. माणसे सुसंस्कृत होती. कॉफी आधी समोरच्याला देत.

झाउपेंचा सगळा जन्म अशाच समित्यांच्या अभ्यासात गेला होता, फक्त त्या सोळाव्या शतकातल्या होत्या. धर्मसुधारणा झाल्यावर राजाचे तपासनीस गाडीत बसून खेडोपाडी जात आणि कालपर्यंत लॅटिनमध्ये पूजा सांगणाऱ्या म्हाताऱ्या पाद्र्याला नव्या धर्माचे प्रश्न विचारत. उत्तरे जमली तर घर, परस आणि गाय राहत असे. नाही जमली तर रस्ता मोकळा होता. त्या जबान्या आयुष्यभर वाचून झाउपे एका निष्कर्षाला आले होते: जे टिकले, त्यांतले फारच थोडे श्रद्धेमुळे टिकले. बाकीच्यांनी शेजारच्या गावच्या पाद्र्याकडे बोट दाखवले होते.

त्या जबान्यांवरचे त्यांचे हे पुस्तक जुन्या राजवटीत छापले गेले. त्या राजवटीत पुस्तक मधमाश्यांवर असले तरी आरंभी दोन पाने पक्षाच्या तत्त्ववेत्त्यांना वाहावी लागत. त्याशिवाय छपाईला कागद मिळत नसे. ती पाने सगळे लिहीत आणि कुणीही वाचत नसे. इथला वाचक पुस्तक तिसऱ्या पानावरच उघडायचा. पश्चिमेकडच्या विद्वानांना हा रिवाज ठाऊक नव्हता. ते शिस्तीने पहिल्या पानापासून वाचत, आणि वेळेअभावी तिथेच थांबत.

"संकोच करू नका हो," टेरहोर्स्ट म्हणाले. "तुमचे संचालक ग्रासहोफ हाताखालच्यांच्या पुस्तकांत आपली वाक्यं घुसवायचे, असं आमच्या कानावर आलंय. तुम्ही तेवढं एक वाक्य बोललात, की आमचं काम सोपं होईल."

"आणि तुमचंही," शेजारच्या डॉक्टर इमेनकाम्प बाई म्हणाल्या.

सकाळी घरी पाव कापताना त्यांच्या पत्नीने, अनेरोझेनेही हेच सांगितले होते. "ग्रासहोफचं नाव घे आणि मोकळा हो. तो पेन्शन घेऊन सफरचंदं पिकवतोय. त्याचं काय बिघडणार आहे?"

"लिहिलं मी."

"कागदासाठी लिहिलंस. तुझ्या बायकोला ते माहीत आहे."

"बायको समितीवर नाही."

"असती तर केव्हाच नापास केलं असतं तुला. लोणी घे."

समितीसमोर झाउपेंनी कॉफीचा कप बशीत ठेवला. "ग्रासहोफनी एक शब्दही बदलला नाही. त्यांनी ते पुस्तक उघडलंच नसावं. त्या बाबतीत तुम्ही त्यांच्या दोन पानं पुढे आहात."

इमेनकाम्प बाईंनी चष्मा काढून पुसला.

"तिसऱ्या पानापासून वाचा," झाउपे म्हणाले, "एवढीच विनंती आहे."

"वाचू ना, सवडीनं," टेरहोर्स्ट म्हणाले. "बरं, इतक्या वर्षांत प्राध्यापक कसे झाला नाहीत?"

"पक्षात गेलो नाही."

"म्हणजे वरिष्ठ पदाचा अनुभव नाही." त्यांनी टिपून घेतले. "परदेशात व्याख्यानं?"

"पक्षात नसलेल्याला पासपोर्ट कोण देणार?"

"म्हणजे आंतरराष्ट्रीय ख्याती नाही."

कुणाच्याही आवाजात द्वेष नव्हता. ग्रासहोफ पक्षात होते, म्हणून प्राध्यापक झाले आणि सन्मानाने निवृत्त झाले. झाउपे पक्षात नव्हते, म्हणून प्राध्यापक झाले नाहीत. आणि प्राध्यापक नव्हते, म्हणून आता त्यांना जावे लागणार होते. तर्कशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावी इतकी ही मांडणी निर्दोष होती. निर्णय वसंतात आला: या विषयाची विद्यापीठाला गरज उरलेली नाही. पुढच्या सत्रापासून तोच विषय शिकवायला टेरहोर्स्ट यांचा एक चुणचुणीत शिष्य नेमला गेला.

जुलैमधल्या शेवटच्या मंगळवारी झाउपेंनी नेहमीप्रमाणे तास घेतला. एका पाद्र्याच्या जबानीचे वाचन चालू होते. ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञांपैकी त्याला सहाच आठवल्या होत्या, आणि उरलेल्या चार आपण पाळतो पण पाठ नाहीत, असे त्याने तपासनिसांना सांगितले होते. मुले हसली. झाउपेही थोडे हसले, मग फळा पुसून त्यांनी कागद गोळा केले.

"पुढच्या मंगळवारी चौथं प्रकरण वाचून या," ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांचा हात बॅगेच्या पट्ट्यावर थांबला. पुढचा मंगळवार नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पहिल्या बाकावरच्या झिल्केने पेनाचे टोपण काढले.

"सगळं प्रकरण, सर, की पहिला भागच?"

झाउपेंनी क्षणभर विचार केला.

"सगळं," ते म्हणाले. "तळटीपांसकट."

सगळ्यांनी माना खाली घालून ते लिहून घेतले.