तक्रार नाही

वैद्यबुवांनी बटण दाबून धरलं, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि अडकलेली पेटी बंद पडल्यावर सोडलं. मग पुन्हा एकदा दाबलं. पेटीतला पंखा घरघरला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. सकाळचे साडेसहा वाजले होते; दवाखान्यात अजून झाडूसुद्धा फिरला नव्हता.

"उठले का आजोबा?" एक्स-रे विभागातल्या ताईंनी दारातूनच विचारलं.

"उठले. दिसतील आता तुमचे फोटो."

आजोबा म्हणजे दवाखान्याचा सर्व्हर. बारा वर्षांचे एक्स-रे त्याच्या पोटात होते. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी, की बनवणाऱ्या कंपनीनेच चार वर्षांपूर्वी तिच्यावरून हात झटकले होते. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी ती मान टाकायची. मग संगणक विभागातले हे गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन तिला उठवून बसवायचे, म्हणून तर ताईंनी त्यांचं नाव वैद्यबुवा ठेवलेलं. तक्रारवहीत मात्र ते स्वतःच्या हाताने लिहायचे, 'तक्रार नाही'. आपल्या ताब्यातलं यंत्र बंद पडलं असं लिहायचं म्हणजे त्यांना स्वतःचीच बदनामी वाटायची. काय म्हणावं या अभिमानाला!

त्या दिवशी अकरा वाजता त्यांनी प्रमुख डॉक्टरबाईंपुढे नऊ पानांचा प्रस्ताव ठेवला. नवा सर्व्हर, नवी सिस्टिम. धोका कुठे, नुकसान किती, सगळं मुद्देसूद. बाईंनी शेवटपर्यंत वाचला. मग तक्रारवही उघडली.

"चार वर्षांत बंद पडल्याची एकसुद्धा नोंद नाही हो." त्यांनी चष्मा काढला. "इकडे लिफ्ट माणसांसकट तीनदा अडकली. यंदाच्या पैशात एकच काम होईल. खरं सांगा, कधी बंद पडलंय का हे?"

वैद्यबुवांनी सरळच असलेली पानं पुन्हा सरळ केली. आता सांगायचं तर चार वर्षांची झाकपाक उघडी पडणार होती.

"तसं… बंद असं नाही पडलं. मी आहे ना."

"तेच म्हणते मी. तुम्ही आहात तोवर मला घोर नाही."

ते ऐकून त्यांना बरं वाटलं. प्रस्ताव बगलेत मारून ते परत आले. लिफ्ट नवी आली.

तीन महिन्यांनी आजोबा उठले नाहीत. दहापर्यंत मोजून झालं, शंभरापर्यंत झालं. फोटोंच्या बॅकअप नकला रोज निघत होत्या, पण एकही उघडेना. बाहेरून जाणकार आले, दोन दिवस खपले.

"हे वरचेवर बटण दाबून बंद करत होतं का कुणी?" जाताना त्यांच्यातल्या एकाने विचारलं. "त्यानेच आतलं सगळं नासलंय. नकलाही त्या नासलेल्याच्याच निघाल्या."

वैद्यबुवा त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावून एक कागद पुढे सरकवला. विश्वस्तांना द्यायचं निवेदन होतं. 'संगणक विभागाने लेखी इशारा दिला होता. दुर्लक्ष माझं आहे. मी पद सोडत आहे.'

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकायला हवं होतं. इशारा दिल्याची खाली सही करा तुमची."

सही केली असती तर कुणाला कळणार होतं? त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"बाई, ते आठवड्यातून दोनदा बंद पडत होतं. चार वर्षं. मी वहीत लिहिलं नाही. बटणही मीच दाबत होतो."

बाईंनी कागद परत आपल्याकडे ओढून घेतला. चार शिव्या घातल्या असत्या तर वैद्यबुवांना परवडलं असतं.

"मी विचारलं होतं हो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ताई आत आल्या. "त्या शिक्षिका आल्यात, फुप्फुसावर डाग असलेल्या. गेल्या वर्षीचा फोटो मागताहेत. डाग तेवढाच असता तर नुसतं लक्ष ठेवून भागलं असतं. आता ताडून बघायलाच काही नाही, म्हणजे ऑपरेशन करूनच बघावं लागणार. कोण सांगणार त्यांना?"

वैद्यबुवा उठले. "मी सांगतो."

बाहेर बाकावर साठीच्या त्या शिक्षिका बसल्या होत्या. वैद्यबुवांना आपल्याकडे येताना पाहून त्यांनी बाजूची पिशवी मांडीवर घेतली आणि जरा सरकून जागा करून दिली.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "सापडला का हो फोटो?"